संयुक्त पाहणी पूर्ण होईपर्यंत

‘सर्व शाखांची संयुक्त पाहणी पूर्ण होईपर्यंत नियोजित चराचे काम स्थगित ठेवावे, ही विनंती.’

हे वाक्य माझे आहे. कल्पना इतरांची होती, पण शब्द मी जुळवले. प्रती सगळ्या शाखांना जायच्या होत्या म्हणून स्टेन्सिल मीच कापली आणि गोल शिक्काही मीच मारला. त्या वेळी ते वाक्य मला नेटके वाटले होते.

सत्तरचे दशक निम्मे सरत आले होते. सांगलीच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. मोठा दुष्काळ मागे पडून दोन पावसाळे झाले होते आणि कृष्णाकाठच्या बागायती रानांत आता उलटाच रोग दिसू लागला होता. उसाला वर्षानुवर्षे पाणी सोडून जमिनी खालून भरत होत्या. नांगराला चिखल लागायचा, वाफसा येत नसे आणि ऊन तापले की मातीवर पांढरे मीठ फुटायचे. लोक म्हणत, रानाला उपळ लागली.

या उपळीचा सर्व विद्याशाखांनी मिळून अभ्यास करावा, अशी कल्पना सांगलीतल्या एका निवृत्त प्राचार्यांना सुचली. ते संयोजक झाले. त्यांना बैठकांची नोंद ठेवणारा माणूस हवा होता. मला लघुलेखन येत होते, म्हणून आमच्या संपादकांनी मला उसना दिला. जाताना त्यांनी एकच सूचना केली, “तुझं मत कुणी विचारणार नाही. तेव्हा देऊ नकोस.” नोकरीत पहिल्या दिवसापासून मला हेच शिकवले गेले होते. बोलले गेले ते लिहायचे, बोलले गेले नाही ते लिहायचे नाही.

पहिली कार्यशाळा जानेवारीत, सांगलीच्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात तीन दिवस चालली. भिंतीवर मोठा कागद लावला होता आणि त्यावर प्रत्येक शाखेचे एक वर्तुळ काढले होते. वर्तुळे एकमेकांत गुंतली होती. संयोजक काठीने दाखवत म्हणाले, “हे मंडळ नव्हे, हे जाळं आहे. मंडळाला अध्यक्ष असतो. जाळ्यात सगळ्या गाठी सारख्या.” याचा व्यवहारात अर्थ असा होता की कोणताही निर्णय एकमताशिवाय होणार नव्हता, आणि एकदा झालेला निर्णय एकमताशिवाय बदलणारही नव्हता. हे मी त्याच दिवशी लिहून घेतले. त्याचा अर्थ मला नंतर कळला.

पहिला दिवस मधल्या वर्तुळात कोणती शाखा असावी यावर गेला. मृदाशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, प्रश्न मातीचा आहे. अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, माती हे साधन आहे, प्रश्न शेतकऱ्याच्या निर्णयाचा आहे. मिरजेच्या एका रुग्णालयातून आलेले डॉक्टर म्हणाले, विहिरींचे पाणी मचूळ होत चालले आहे, पोटाच्या तक्रारी वाढल्या आहेत, तेव्हा मध्यभागी माणूस हवा. इतर शाखांची मंडळी येत-जात राहिली, पण बोलणारे मुख्यतः हे तिघे आणि संयोजक. संध्याकाळी मधले वर्तुळ रिकामे ठेवण्याचे ठरले. टाळ्या वाजल्या.

तिसऱ्या दिवशी ‘क्षेत्रातील प्रतिनिधी’ म्हणून कुंडलच्या पुढच्या एका गावातून एका शेतकऱ्याला बोलावले होते. पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. पांढरा फेटा, कडक इस्त्री, आणि हातात तारेची कडी लावलेला वनस्पती तुपाचा मोठा डबा. खुर्ची पुढे केली तरी तो बसला नाही. डबा टेबलावर ठेवून ताठ उभा राहिला.

“रान बघायचं म्हनलासा, म्हनून रान आनलंय,” तो म्हणाला. “चार कोपऱ्यांची माती हाय. वर पांढरं दिसतंय ते मीठ.”

मग त्याने सांगितले ते असे. त्याच्या खालच्या रानात खळ्याएवढा पट्टा पांढरा पडला होता. गेल्या साली तो चुलीएवढा होता. मीठ तिथून त्याच्या खालच्या भाऊबंदांच्या रानांकडे सरकत होते. म्हणून भावकीने ठरवले होते, फेब्रुवारीत ऊस तुटला की घरटी एक माणूस द्यायचा, चाळीस कुदळी एकदम लावायच्या आणि त्याच्या रानातून ओढ्यापर्यंत खोल चर काढायचा.

“आमी फौजेत खंदक खनलेत साहेब. पंधरा दिसांत काढतो. येकच इचारायचं हुतं. चर काडला तर रान वाचंल का?”

मृदाशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, “वाचेल. निचरा झाला की मीठ खाली जातं. पावसाळ्याआधी काढा मात्र.”

माझ्या वहीत हे उत्तर आहे. त्याला कुणीही विरोध केला नाही. कार्यशाळा तिथेच संपवता आली असती.

पण अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी पेन्सिल उचलली. चर निघाला तर मूळ स्थितीच हातातून जाईल, मग तुलना कशाशी करणार, असा त्यांचा मुद्दा होता. डॉक्टरांना तो पटला, कारण विहिरींची तपासणी चर काढण्याआधी व्हायला हवी होती. संयोजकांना तर तो फारच पटला. सगळ्या शाखांनी एकाच वेळी, एकाच शेतात उभे राहून पाहणी केली आहे, असे देशात कुठे झाले नसेल, असे ते म्हणाले. मातीच्या प्राध्यापकांनी पाहणी एप्रिलपर्यंत होईल ना, एवढे विचारले. सगळे म्हणाले, सहज होईल.

“काय सुभेदार, थांबाल का थोडं?” संयोजकांनी विचारले.

“हुकूम आसंल तर थांबतो.”

सभागृहात हशा पिकला. “हुकूम नाही हो, विनंती.”

“कायबी म्हना. कागद द्या म्हंजे झालं. तोंडी आर्डर आमी घेत न्हाई.”

आणलेल्या मातीविषयीही ठराव झाला. हा ‘मूळ नमुना’ असल्याने तो कोणत्याही एका प्रयोगशाळेने परस्पर उघडू नये, सर्व शाखांच्या समक्ष पुढील कार्यशाळेत उघडावा. म्हणजे जानेवारीतच आठवडाभरात होणारी तपासणी मेपर्यंत पुढे गेली. डबा माझ्या ताब्यात देण्यात आला.

फेब्रुवारीत संयोजकांबरोबर जीपने मी त्या गावी गेलो. ऊस तुटून रान मोकळे झाले होते. सुभेदाराच्या बांधापासून ओढ्यापर्यंत फक्कीची पांढरी रेघ सरळ मारलेली होती. रेघेवर माणसे कुदळी, खोरी, पाट्या घेऊन उभी होती. त्यांना वाटले, साहेब लोक नारळ फोडायला आले आहेत.

सुभेदाराने पत्र घेतले, शिक्का पाहिला आणि मोठ्याने वाचून दाखवले. ‘स्थगित’ या शब्दावर थांबून त्याने माझ्याकडे पाहिले. “म्हंजे थांबा, न्हवं?” मी हो म्हणालो. पत्र संपवून त्याने माणसांना घरी जायला सांगितले.

“आरं, पानी कागद वाचतंय व्हय रं?” एक म्हातारा म्हणाला.

“आण्णा, रेघ मारून रान सुधारतंय का?” दुसऱ्या कुणीतरी सुभेदाराला विचारले. माणसे हसली, पण गेली. सुभेदाराचा शब्द गावात मोडत नसत. एप्रिलपतुर थांबू, चर काढायची जोखीम माझी, असे त्याने सगळ्यांसमोर सांगितले.

त्याची चूक एवढीच होती. आयुष्यभर त्याने असे कागद पाहिले होते, ज्यांवर गोल शिक्का असतो आणि ज्यांच्यामागे एक माणूस असतो, त्या कागदाबद्दल जाब देणारा. या कागदामागे तसे कुणी नव्हते. रिकाम्या वर्तुळाभोवती बसलेली काही माणसे होती. पत्र त्याने काचेच्या चौकटीत घालून फौजेच्या प्रमाणपत्राशेजारी टांगले.

त्या दिवशी जेवण त्यांच्याच घरी झाले. संयोजक परतीच्या वाटेवर ‘जनसहभाग’ हा शब्द वारंवार उच्चारत होते. निघताना सुभेदाराची पत्नी दारात आली. “दादा, माती बघून झाली की डबा तेवढा परत धाडा. दिवाळीच्या चकल्यांचा हाय त्यो.”

मी धाडतो म्हणालो.

एप्रिलमध्ये पाहणी झाली नाही. प्रश्नावलीवर एकमत झाले नव्हते. मे महिन्यात दुसरी कार्यशाळा महाबळेश्वरला, एका विश्रामगृहात भरली. सपाटीवरच्या उकाड्यात विचार होत नाही, असे कारण होते. बहुतेक जण कुटुंबासह आले. उपळट रानाचा विचार करण्यासाठी ही माणसे अशा उंचीवर जमली होती जिथे पावसाचे पाणी थांबतच नाही.

पहिल्या दिवशी सकाळी डबा उघडण्याचा कार्यक्रम झाला. झाकण संयोजकांनी काढले. प्रत्येक शाखेच्या माणसाने वाकून आत पाहिले. छायाचित्र काढण्यात आले. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी चिमूटभर माती उचलून पुन्हा आत टाकली आणि बोटे टेबलक्लॉथला पुसली. मग सगळे चहाला गेले. झाकण खिडकीत राहिले आणि डबा व्हरांड्यात.

दुपारी जेवणात मटारची उसळ, श्रीखंड आणि पुऱ्या होत्या. जेवून मातीचे प्राध्यापक मुलांना पॉइंट दाखवायला घेऊन गेले. बाकीचे व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्यांवर आडवे झाले. पट्टे सैल केले होते. कुणी दात कोरत होते, कुणी ढेकर देत होते. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी सिगारेट पेटवली, राख टाकायला काही सापडेना, तेव्हा पायाने डबा ओढून घेतला.

“अहो, तो नमुना आहे,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या तोंडात पान होते.

“मेलेलीच माती आहे ती, डॉक्टर. आणखी काय मरणार?”

डॉक्टर हसले. हसताना त्यांना पिचकारी आवरेना, म्हणून त्यांनीही डबा जवळ घेतला. लाल थुंकी पांढऱ्या मिठावर पडली आणि हळूहळू आत मुरली. बरोबर समोर बसून मी सकाळच्या नोंदी शुद्ध करत होतो.

तीन दिवस डबा तसाच वेताच्या खुर्च्यांमागे राहिला. थोटके वाढत गेली. पहिल्यांदा डब्याकडे वाकताना थोडा संकोच दिसला, दुसऱ्या दिवशी तोही दिसेनासा झाला. निघण्याच्या सकाळी विश्रामगृहाच्या खानसाम्याने थोटके वेचून काढली, वरची माती तळव्याने सारखी केली, खिडकीतले झाकण आणून बसवले आणि डबा पुसून माझ्या हाती दिला. तो प्रयोगशाळेकडे रवाना झाला. या कार्यशाळेच्या इतिवृत्तात माझे वाक्य आहे: ‘मूळ नमुना सर्व शाखांच्या समक्ष उघडण्यात आला व पुन्हा बंद करण्यात आला.’ त्यातला एकही शब्द खोटा नाही.

किळस हा शब्द बातमीत वापरत नाहीत. बातमीदाराला काय वाटले याच्याशी वाचकाला कर्तव्य नसते. ही शिस्त मी मानत होतो आणि ती चांगली शिस्त आहे असे मला वाटत होते.

मग पावसाळा आला आणि गेला. पाहणी पुढे ढकलल्याची पत्रे मी दोनदा टंकली. सुभेदाराकडून दोन्हींना पोस्टकार्डाने पोच आली. दुसऱ्या कार्डावर पोचेखाली आणखी एक ओळ होती, ‘रेघ पावसात गेली होती, परत मारून ठेवली आहे, साहेब लोकांस सापडावी म्हणून.’

तिसरी कार्यशाळा दिवाळीनंतर साताऱ्याला झाली. दोन्ही जिल्ह्यांना समान मान मिळावा म्हणून; महाबळेश्वर सातारा जिल्ह्यातलेच, पण ते मोजले गेले नव्हते. सकाळ मागील इतिवृत्त कायम करण्यात गेली. महाबळेश्वरच्या इतिवृत्तात एका शाखेचे नाव दुसऱ्या शाखेनंतर आले होते, त्यावर तासभर चर्चा झाली. नमुन्याबद्दलच्या वाक्यावर कुणीही काही बोलले नाही. ते एकमताने कायम झाले.

दुपारी मातीच्या प्राध्यापकांनी प्रयोगशाळेचा अहवाल वाचला. ते बुचकळ्यात पडले होते. क्षार अपेक्षेप्रमाणेच होते, पण पोटॅश फार. कृष्णाकाठच्या अशा मातीत एवढे पोटॅश त्यांनी पाहिले नव्हते. “बाहेरून राख मिसळल्याशिवाय हे होत नाही,” ते म्हणाले. ते प्रामाणिक होते. महाबळेश्वरला तिन्ही दुपारी ते मुलांना घेऊन पॉइंटवर होते.

मी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग समोरच्या काचेच्या रक्षापात्रात सिगारेट झटकत ते म्हणाले,

“पाचट. ऊस तुटल्यावर ही मंडळी रानात पाचट जाळतात. मी पहिल्यापासून म्हणतोय, प्रश्न मातीचा नाही, शेतकऱ्याच्या सवयींचा आहे.”

“धुराचा छातीवर होणारा परिणामही पाहायला हवा,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा गंभीर होता. मला वाटले होते, निदान ते नजर टाळतील. त्यांनी टाळली नाही.

पुढचे दोन तास शेतकऱ्यांच्या अज्ञानावर गेले. पाचट जाळण्याच्या सवयींचा स्वतंत्र अभ्यास व्हावा, त्यासाठी नवी प्रश्नावली करावी, ती करण्यासाठी एक छोटी कार्यशाळा घ्यावी आणि तोपर्यंत संयुक्त पाहणी पुढे ढकलावी, असे ठरले. चराच्या स्थगितीचा उल्लेख कुणी केला नाही. ती उठवण्याचा ठराव आला नाही, म्हणून ती कायम राहिली. मातीचे प्राध्यापक म्हणाले, “पण तो माणूस थांबलाय हो.” संयोजक म्हणाले, “त्याची बांधिलकी आपल्यापेक्षा मोठी आहे.”

शेवटी त्यांनी रीतीप्रमाणे मला विचारले, “वृत्तलेखक, काही राहिलं?”

मी म्हणालो, “नाही.”

या सगळ्या प्रकरणात मला मत असे एकदाच विचारले गेले, आणि माझे उत्तर ते होते. त्या दोघांविषयी जी शिसारी मला वाटत होती, तिच्यात त्या क्षणापासून तिसरा माणूस सामील झाला.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून सांगलीची गाडी पकडली. पण कराडला उतरलो आणि दुसरी गाडी धरून दुपारी सुभेदाराच्या गावी पोहोचलो.

आधी रान दिसले. जानेवारीत खळ्याएवढा असलेला पट्टा आता खालचे अर्धे रान व्यापून बसला होता. पांढऱ्या थरावर चालले की तो पापडासारखा मोडायचा आणि खालचा काळा चिखल चपलेला लागायचा. कुबट वास येत होता. मिठाची धार बांध ओलांडून खालच्या शेजाऱ्याच्या रानात शिरली होती. या पांढऱ्यामधून फक्कीची ताजी रेघ गेली होती. पांढऱ्यावर पांढरी, तरी ओळखू येत होती, कारण ती सरळ होती.

सुभेदार बांधावर होता. “या पेपरवाले. पाहनी कवा?”

“आणखी पुढे गेलीय.”

“का?”

“तुमच्या मातीत पोटॅश जास्त निघालं. राखेनं वाढतं. तुम्ही पाचट जाळता असं म्हणतात.”

“आमी?” त्याला हसू आले. “आवं, उभ्या जन्मात पाचटाला काडी लावली न्हाई. जनावराच्या खाली जातंय, उकिरड्यात जातंय. इचारा गावात. राख आली कुठनं मग?”

मी सांगितले. विश्रामगृह, व्हरांडा, सिगारेट, पान, खानसाम्याचा तळवा, सगळे क्रमाने सांगितले. बातमी सांगावी तसेच. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला,

“तुमी तवा तिथं हुता?”

“होतो.”

“डोळ्यांनी बघितलासा?”

“हो.”

“आन साताऱ्याला पाचटाचं निघालं तवाबी हुता?”

“होतो.”

“काय बोलला न्हाई.”

“माझं काम लिहायचं आहे. बोललेलं तेवढंच लिहायचं असतं.”

“आमच्यात पहाऱ्यावरचा शिपाई आसतुया,” तो म्हणाला. “त्याचं कामबी बघायचंच. पर बघितल्यावर त्यो वराडतो.”

आवाज चढला नव्हता. शिवी दिली नव्हती. मला ती दिलेली चालली असती.

“मग आता काढा चर,” मी म्हणालो. “त्या पत्राला काही अर्थ नाही.”

“आर्थ न्हाई कसा? चाळीस मानसं माघारी धाडली त्येच्यावर. भाऊबंदांनी तोंडावर सांगितलं, आण्णा, तुज्या कागदापायी आमची रानं गेली. आता मी म्हनू, कागद फुकटचा हुता?” त्याने कुदळीचा दांडा जमिनीवर आपटला. “थांबायचा कागद तुमच्या हातचा हाय. खनायचा कागदबी तुमीच लिवा.”

“मला अधिकार नाही.”

“पयल्याला हुता?”

नव्हता. कुणालाच नव्हता. कोरे पत्रकागद आणि शिक्क्याची डबी माझ्या पिशवीत होती, कारण वृत्तलेखकाकडे ती असायची. घरी ओट्यावर बसून मी लिहायला घेतले. ‘नियोजित चराचे काम सुरू करावे, ही विनंती,’ असे लिहू लागलो तर तो म्हणाला, “विनंती नगो. पयल्यात विनंती हुती. आर्डर लिवा.”

मी लिहिले: ‘चराचे काम तत्काळ सुरू करावे.’ खाली माझी सही केली. संयोजकांची नव्हे, माझी. शिक्का मारला. त्याने चौकटीतले जुने पत्र काढले, चार घड्या करून खिशात घातले आणि नवे पत्र घेऊन भावकीच्या घरांकडे निघाला. मी गाडी गाठली.

तीन दिवसांनी काम सुरू झाले, असे नंतर कळले. चाळीस घरांपैकी काहींनी माणूस दिला नाही. पंधरा दिवसांचे काम महिन्यावर गेले. चिखल जास्त झाला होता.

चौथी बैठक फेब्रुवारीत पुन्हा सांगलीला, त्याच सभागृहात झाली. बातमी तोवर पोहोचली होती. पहिलाच विषय माझा होता. मी उभा राहून सांगितले की महाबळेश्वरला नमुन्यात सिगारेटची राख आणि पानाची थुंकी पडली होती, आणि मी ती पडताना पाहिली. मातीच्या प्राध्यापकांनी चष्मा काढला. कुणाची, ते त्यांनी विचारले. मी दोघांकडे बोट केले. डॉक्टर म्हणाले, असे काही आपल्याला स्मरत नाही. अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, महाबळेश्वरचे इतिवृत्त सर्वांनी एकमताने कायम केले आहे. त्यात असा उल्लेख नाही आणि कायम झालेल्या इतिवृत्ताविरुद्ध काही ऐकून घेण्याची पद्धत नाही.

मग ठराव झाला. वृत्तलेखकाने अधिकार नसताना जाळ्याच्या नावाने आदेश देऊन मूळ स्थिती नष्ट केली, याबद्दल तीव्र नापसंती. इतिवृत्त लिहिणारा दुसरा कुणी नसल्याने ठराव मलाच लिहायचा होता. संयोजकांनी सांगितलेले वाक्य लांबलचक आणि विस्कळीत होते. ते म्हणाले, “जरा नेटकं करून घ्या.” मी करून घेतले. त्यानंतर मला पुन्हा बोलावले गेले नाही. मातीच्या प्राध्यापकांनी त्या दिवशी दुपारीच जाळे सोडले, असे ऐकले.

जाण्याआधी ते माझ्याजवळ आले. प्रयोगशाळेतून आलेला डबा त्यांच्या जीपमध्ये होता. “हा त्यांचा आहे ना? पोचवा,” एवढेच म्हणाले.

आतली माती काढलेली होती. डबा मी दोनदा राखेने आणि एकदा सोड्याने घासला. तळाच्या कडेला तांबूस डाग राहिला तो राहिलाच. नाक आत घातले की तंबाखूचा वास यायचा.

पुढच्या रविवारी तो घेऊन गेलो. चर पूर्ण झाला होता. तळातून बोटभर पाणी ओढ्याकडे वाहत होते, गढूळ, दुधट रंगाचे. सुभेदार चराच्या काठावर उकिडवा बसून ते पाहत होता. वरचे रान वाचंल, तो म्हणाला. खालचे अर्धे आणि शेजाऱ्यांची दोन रानं जातील. पुढच्या वर्षांत तसेच झाले.

त्याची पत्नी मातीच्या ढिगापाशी भाकरी घेऊन आली होती. मी डबा पुढे केला. तिने तो उन्हाकडे तिरका करून आत पाहिले, मग नाकाशी नेला. नवऱ्याने तिला सगळे सांगितलेले असणार.

“ह्यो आमचा न्हवं,” ती म्हणाली.

तारेची कडी तिच्या नवऱ्यानेच वळलेली होती. ती तिलाही दिसत होती. तिने डबा चराकाठच्या उपसलेल्या मातीवर ठेवला, हात पदराला पुसले आणि भाकरीचे फडके सोडायला घेतले. मला जेव म्हणाली नाही.